तेलाचा दाब आणि तेलाचा ताप

डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा अर्धा सेकंद पेटला आणि विझला, तेव्हा मी कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर एका लांब वळणाच्या मध्यावर होतो. हाताला स्टिअरिंगचा ताण होता, नजर वळणाच्या सुटण्याकडे होती आणि दिवा खरोखर पेटला की उन्हाची तिरीप काचेवर पडली, हे त्या क्षणी मला सांगता आले नसते. पुढच्या फेरीत त्याच जागी तो पुन्हा पेटला. या खेपेस इंजिनानेही एक हुंदका दिल्यासारखे वाटले, म्हणून मी वेग कमी केला आणि ती फेरी संपवून गाडी बाहेर घेतली. पिटमध्ये येऊन इंजिन चालू ठेवले, तर दिवा शांत आणि आवाजही स्वच्छ होता. कोल्हापूरहून साधारण साडेनऊशे किलोमीटर गाडी चालवत आलो होतो आणि तितकेच परत जायचे होते, त्यामुळे त्या दिवशीची उरलेली दोन सत्रे मी बाहेर उभा राहून इतरांच्या गाड्या पाहण्यात घालवली.

माझी गाडी २००१ सालची होंडा सिटी आहे. १४९३ सीसीचे आणि १०६ अश्वशक्तीचे व्हीटेक इंजिन असलेली. मागचे सीट काढलेले, सस्पेन्शन आणि ब्रेक पॅड बदललेले, बाकी गाडी जवळजवळ कारखान्यातून आली तशीच. या इंजिनात तेलाच्या दाबाला दुहेरी महत्त्व आहे. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो तो या दाबामुळे टिकतो, हे तर सगळ्याच इंजिनांना लागू आहे. पण व्हीटेकमध्ये रॉकरमधल्या पिना सरकवून झडपा जास्त उघडणाऱ्या कॅमवर नेण्याचे कामही तेलाचा दाबच करतो. म्हणजे दाब पडला की आधी ताकद जाते आणि मग बेअरिंग जाते. मला ऐकू आलेला हुंदका त्यातला पहिला प्रकार असावा, अशी शंका मला परतीच्या वाटेवर होसूर ओलांडताना आली आणि मग घरी पोचेपर्यंत मी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या (आरपीएमच्या) वर इंजिन नेले नाही.

बहुतेक गाड्यांत मुळात तेलाचा दाब मोजणारे काहीच नसते, याची अनेकांना कल्पना नसते. ब्लॉकवर एक साधा स्विच असतो आणि दाब जेमतेम पाव-अर्धा किलोच्या खाली गेला तरच तो दिवा पेटवतो. (आमच्याकडे वर्कशॉपमध्ये दाब किलोमध्ये सांगतात, एक किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.) आता होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे तेल ८० अंशांना असताना आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) किमान १० पीएसआय आणि ३००० आरपीएमला किमान ५० पीएसआय दाब हवा. याचा अर्थ असा की सहा हजार आरपीएमला जिथे साठ हवेत तिथे वीसच उरले, तरी दिवा हूं की चूं करणार नाही. तो पेटतो तेव्हा सगळे संपलेले असते. रस्त्यावरच्या गाडीला तेवढे पुरते, कारण रस्त्यावर कोणी सहा-सात सेकंद पूर्ण ताकदीने एकाच बाजूला गाडी झुकवून ठेवत नाही. ट्रॅकवर तेच करायचे असते. तेव्हा तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरच्या एका भिंतीवर चढते, तेल ओढणारी नळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो.

आमच्या मिस्त्रींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला लावले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून मिनिटभर ऐकले. तीस वर्षे ते इंजिनाचा आजार असाच ओळखत आले आहेत. "बेअरिंग बोलत न्हाई," ते म्हणाले, "मीटर कशाला पायजे? इंजिन सांगतंय की." त्यांचे म्हणणे गॅरेजपुरते खरे होते, पण हेल्मेट घालून, खिडक्या उघड्या ठेवून, साडेसहा हजारांवर इंजिन किंचाळत असताना ते काय सांगते आहे हे ऐकायला माझ्याकडे त्यांचा कान नव्हता. मी दोन मीटर बसवायचे ठरवले, एक दाबाचे आणि एक तापमानाचे. नुसत्या दाबाच्या आकड्याला अर्थ नसतो. थंड तेल घट्ट असते म्हणून दाब भरपूर दिसतो आणि तापलेले तेल पातळ होते म्हणून तो उतरतो. त्यामुळे कोणत्या तापमानाला किती दाब, असाच प्रश्न विचारावा लागतो.

मीटर निवडताना पहिला प्रश्न यांत्रिक की विजेचे, हा होता. यांत्रिक दाबमीटर अचूक आणि स्वस्त असते, पण त्यासाठी इंजिनातले गरम तेल एका बारीक नळीतून थेट डॅशबोर्डमागे आणावे लागते. ती नळी कुठे घासून फुटली तर सव्वाशे अंशांचे तेल मांडीवर येणार, ही कल्पनाच मला पुरेशी होती. विजेच्या प्रकारात तेल बोनेटखालीच राहते, सेन्सरचा रोध दाबाप्रमाणे बदलतो आणि केबिनमध्ये फक्त तार येते. मी ५२ मिलिमीटरची दोन विजेची मीटर आणि त्यांचे सेन्सर घेतले; त्याबरोबर २० पीएसआयला चालू होणारा एक वेगळा स्विच आणि लाल दिवाही घेतला, कारण वळणात काटा वाचायला डोळे मोकळे नसतात, पण दिवा नजरेच्या कडेलाही दिसतो.

तापमानाचा सेन्सर कुठे बसवायचा यावर मी उगाचच एक आठवडा घालवला. चेंबरच्या ड्रेन बोल्टच्या जागी बसवला तर तो गाडीच्या सर्वात खालच्या भागात, खडीच्या आणि ट्रॅकवरच्या कर्बच्या वाटेत येतो. शेवटी ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची सँडविच प्लेट घेतली. होंडाच्या फिल्टरचे आटे २० मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर पिचचे असतात. तेवढे पाहून मागवली की ती बसते. तिथून पंपाने ढकललेले सगळे तेल जाते, त्यामुळे तापमानही वाहत्या तेलाचे मिळते. अडचण एवढीच की या इंजिनाचा फिल्टर ब्लॉकच्या मागच्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली आहे. तिथे हात घालायचा तर गाडीखाली पाठीवर झोपून, कोपर मुडपून, जवळजवळ चाचपडतच काम करावे लागते.

खरी गोष्ट पुढे घडली. दाबाचा मूळ स्विचही त्याच बाजूला, फिल्टरजवळ असतो. तो काढून त्या जागी नवीन सेन्सर बसवायचा, इतका सोपा बेत होता. स्विच सुटला, मी सेन्सरला हाताने पीळ द्यायला सुरुवात केली, दोन फेरे तो लोण्यासारखा गेला आणि तिसऱ्याला अडला. दोन्हींचे माप एक अष्टमांश इंच, दोन्हींचे आटे निमुळते, डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नव्हता. निमुळते आटे शेवटी घट्ट होतातच, असे स्वतःला समजावून मी पाना हातात घेतलाही होता. मग आठवले की हा ब्लॉक बिडाचा नसून अ‍ॅल्युमिनियमचा आहे. त्या जागेचे आटे गेले किंवा तिला चीर पडली तर प्रश्न दोनशे रुपयांचा राहणार नव्हता. पाना खाली ठेवला, सेन्सर उलटा फिरवून काढला, मूळ स्विच आणि नवा सेन्सर रुमालात बांधले आणि कोल्हापुरातल्या कारखान्यांची वस्ती असलेले शिवाजी उद्यमनगर गाठले.

उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांच्या दुकानात अजूनही शेतीपंपाचे आणि तेल इंजिनांचे सुटे भाग जास्त येतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आटे मोजायच्या पट्ट्यांची जुडी काढली आणि होंडाच्या स्विचवर एक पट्टी टेकवून ती उजेडात धरली. पट्टीचे दात आणि स्विचचे आटे यांच्यामध्ये प्रकाशाची रेघसुद्धा दिसत नव्हती. "ह्ये तर पायपाचं आटं हाय, दादा," ते म्हणाले. "आपल्या पंपाला असतंय त्येच. इंचाला अठ्ठावीस." मग तीच पट्टी त्यांनी माझ्या सेन्सरवर ठेवली. सुरुवातीचे दोन-तीन दात बसले आणि पुढे पट्टी हळूहळू उचलली गेली. "आन् ह्यो अमेरिकन. इंचाला सत्तावीस." इंचाला एका आट्याचा फरक, शिवाय ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि अमेरिकन आट्याचा ६०. आपल्याकडच्या पाण्याच्या पाइपांना जे ब्रिटिश पाइपाचे आटे असतात तेच जपानी गाड्यांच्या तेलाच्या स्विचला असतात आणि बाजारात मिळणारे बहुतेक मीटर-सेन्सर मात्र अमेरिकन आट्यांचे असतात, ही माहिती मला माझ्या सगळ्या वाचनातून मिळाली नव्हती. पाणीपंपाच्या नळ्या कापणाऱ्या माणसाने ती पाच मिनिटांत दिली.

मामांनी आणखी एक गोष्ट नजरेस आणली. नवा सेन्सर मुठीएवढा डबा होता आणि तो ब्लॉकच्या कडेला आडवा लोंबकळत ठेवला तर इंजिनाच्या थरथरीने त्याची पितळी मान कधीतरी मोडणार, असे त्यांचे म्हणणे पडले. तसे झाले असते तर इंजिनातले सगळे तेल त्या भोकातून बाहेर आले असते. म्हणून आम्ही सेन्सर ब्लॉकपासून लांब ठेवायचे ठरवले. मामांनी पितळेच्या षटकोनी सळईतून एक निपल केला, ज्याचे एक टोक होंडाच्या आट्यांचे आणि दुसरे होजच्या आट्यांचे. पुढे वरून स्टीलची जाळी असलेला अर्ध्या मीटरचा होज आणि होजच्या टोकाला पितळेचा चौकोनी ठोकळा. ठोकळ्याच्या पोटात त्यांनी एक आडवे भोक पाडून त्याला तीन तोंडे काढली: एकात नवा सेन्सर, दुसऱ्यात २० पीएसआयचा स्विच आणि तिसऱ्यात होंडाचा मूळ स्विच, म्हणजे कारखान्याचा दिवाही आपल्या जागी राहिला. अमेरिकन आट्यांचा टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) त्यांच्याकडे नव्हता. तो शेजारच्या दुकानातून, चहाच्या बोलीवर, तासाभरासाठी आला.

बसवण्याचे काम एका रविवारी झाले. तेल काढले, निपलला टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले, पहिला आटा मोकळा सोडला म्हणजे टेपचा तुकडा तेलात जाणार नाही, आणि तो आधी हाताने व मग पाऊण फेरा पान्याने बसवला. ठोकळा फायरवॉलवर पट्टीने धरला आणि थरथर लागू नये म्हणून पट्टीखाली रबराचे बुश घातले. या रबराच्या बुशांचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. त्यांचे पुढे काय झाले ते सांगतोच. सँडविच प्लेट पहिल्या खेपेला आवळताना फिरली आणि सेन्सरचे तोंड ड्राइव्ह शाफ्टकडे झाले, म्हणून फिल्टर पुन्हा काढावा लागला आणि कोपरापर्यंत तेलाची अंघोळ झाली. तारा फायरवॉलच्या रबरी ग्रोमेटमधून आत आणल्या, स्पार्क प्लगच्या वायरींपासून लांब ठेवल्या, इग्निशनच्या लाइनवर तीन अँपिअरचा फ्यूज टाकला. मीटर मात्र मी मुद्दाम तिरपे बसवले. सपाट रस्त्यावर, गरम इंजिनाला जो आकडा हवा तो बरोबर वरच्या दिशेला येईल अशा बेताने दोन्ही डबे आपल्याभोवती फिरवले, म्हणजे आकडे न वाचता दोन्ही काटे उभे आहेत एवढेच पाहिले की झाले. आईने गाडीत बसल्यावर पहिली सूचना केली की घड्याळे वाकडी लागली आहेत, ती सरळ करून घे.

तापमानाचा सेन्सर प्लेटमध्ये घालण्यापूर्वी मी तो स्वयंपाकघरात तपासला होता. पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आणली, सेन्सर तारेने बांधून आत सोडला, पण बुडाला टेकू दिला नाही, आणि बाहेर मीटरला जोडला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे तर ९८ अंशांच्या आसपास उकळते. काटा ९८ वर जाऊन थांबला. दाबाच्या सेन्सरला टायरवाल्याच्या कंप्रेसरची हवा दिली, तिथेही मीटर आणि कंप्रेसरचा काटा एकमेकांना धरून होते. म्हणजे मीटर बरोबर, सेन्सर बरोबर. मग गाडीत बसवल्यावर चुकेल कशाला?

पहिल्यांदा इंजिन चालू करताना फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर मारला आणि दाबाचा काटा हलेपर्यंत थांबलो. पाच-सहा सेकंदांत तो उठला, तेव्हा गॅरेजमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग फ्यूज घालून इंजिन चालू केले. थंड तेलावर काटा ८० च्या वर गेला, तेल तापत गेले तसा उतरत आला. शिरोलीपुढे हायवेवर अर्धा तास फिरवून आणली, तेव्हा तापमान ८९ अंश आणि गरम आयडलला दाब तब्बल ३० पीएसआय! चोवीस वर्षांच्या इंजिनाला ३० पीएसआय. मी खूश होतो, मिस्त्रीही खूश होते, "बोललो न्हवतो? बेअरिंग टकाटक हाय." कोइमतूरचा तो दिवा म्हणजे खरोखर उन्हाची तिरीप असावी, असेही माझ्या मनात येऊन गेले.

एवढा चांगला आकडा मला दोन दिवस सुखाने झोपू देत होता. तिसऱ्या दिवशी तो खटकू लागला. माझ्या मल्टिमीटरबरोबर तापमान मोजायची एक बारीक तार आली होती. हायवेवरून गाडी आणून इंजिन बंद केले, डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) काढली आणि तिच्या नळीतून ती तार तेलापर्यंत सोडली. मल्टिमीटर ९६ दाखवत होता आणि मीटर ८९. चेंबरमधले तेल आणि फिल्टरजवळचे तेल यांच्यात थोडा फरक असू शकतो, म्हणून मी ते सोडून दिले असते. पण मिस्त्रींनी आपले जुने यांत्रिक दाबमीटर काढले, ते थेट ठोकळ्याच्या एका तोंडाला लावले आणि गरम आयडलला त्यावर दीड किलो दिसले. दीड किलो म्हणजे २१ पीएसआय. माझा काटा त्याच वेळी ३० वर आरामात उभा होता.

दोन्ही मीटर एकाच वेळी बिघडली असतील, हे पटण्यासारखे नव्हते. मी बॅटरी सोडवली, मल्टिमीटर रोधावर ठेवला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह तारेला आणि दुसरे पितळी ठोकळ्याला लावले. ११ ओहम. मग तेच टोक सँडविच प्लेटमधल्या सेन्सरच्या अंगाला लावले. १४ ओहम. दोन्ही ठिकाणी आकडा शून्याला टेकायला हवा होता. एकच तार असलेल्या सेन्सरचे अर्थिंग त्याच्या धातूच्या अंगातून होते आणि ते अंगच मी अधांतरी ठेवले होते. ठोकळ्याखाली रबराचे बुश घालून मी त्याला बॉडीपासून तोडले होते. वीज जी काही परत जात होती ती होजच्या वरच्या स्टीलच्या जाळीतून, तिच्या टोकांच्या ढिल्या स्पर्शांमधून कशीबशी जात होती. सँडविच प्लेटला वरून काळे अ‍ॅनोडाइझिंग होते, जे विजेला अडवते, आणि तिच्या व ब्लॉकच्या मध्ये रबराची ओ-रिंग होती. वर माझा टेफ्लॉन टेप. म्हणजे जिथे जिथे मी काळजी घेतली होती, नेमके तिथेच अर्थिंग बिघडले होते.

या चुकीचा स्वभाव मला त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर कळला आणि मग झोप गेली. दाबाच्या सेन्सरचा रोध शून्य दाबाला सुमारे १० ओहम असतो आणि दाबाबरोबर वाढत १० बारला (एक बार म्हणजे जवळपास एक किलो) १८० च्या पुढे जातो. त्यात वाईट अर्थिंगचे ११ ओहम मिळवले की मीटरला वाटते दाबच जास्त आहे. तापमानाच्या सेन्सरचे उलटे असते. ५० अंशांना ३२० ओहमच्या आसपास, १५० अंशांना जेमतेम १९. तिथे रोध वाढला की मीटरला तेल थंड वाटते. म्हणजे अर्थिंग जितके वाईट तितका दाब चांगला आणि तेल थंड दिसणार. दोन्ही चुका तुम्हाला दिलासा देणाऱ्या, आणि दोन्ही एकमेकींची साक्ष काढणाऱ्या. त्यातही तापमानाची चूक सगळीकडे सारखी नव्हती. सेन्सरचा आलेख वरच्या बाजूला सपाट होत जातो, त्यामुळे शंभर अंशांजवळ १४ ओहमने सहा-सात अंशांचा फरक पडत होता, पण तेल खरोखर १२५ ला पोचले असते तेव्हा काट्याने १११ दाखवले असते. ट्रॅकवर ज्या क्षणी मला या मीटरची गरज पडणार होती, नेमक्या त्या क्षणी ते सर्वात मोठे खोटे बोलणार होते. लाल दिवा निदान खोटे बोलत नव्हता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. ठोकळ्याला एक स्क्रू मारून तिथून जाड तार थेट इंजिन ब्लॉकच्या बोल्टला नेली. तापमानाच्या सेन्सरच्या षटकोनी मानेभोवती पितळी पट्टा आवळून त्यालाही तशीच तार दिली. मीटरचे अर्थिंगही, जे मी आळसाने डॅशबोर्डच्या एका रंगवलेल्या कंसाला जोडले होते, तिथून काढून त्याच बोल्टवर आणले. मल्टिमीटरने आता दोन्हीकडे ०.२ दाखवले. रबराचे बुश मात्र मी तसेच ठेवले. थरथरीसाठी ते बरोबरच होते. पुन्हा त्याच हायवेवर त्याच वेगाने अर्धा तास गाडी फिरवली. तापमान ९५, गरम आयडलला दाब २२. मिस्त्रींनी आपले दीड किलोचे मीटर शेजारी धरले, दोन्ही काट्यांकडे आळीपाळीने पाहिले आणि काहीच बोलले नाहीत.

फेब्रुवारीत पुन्हा कोइमतूरला गेलो. या वेळी तेल ५डब्ल्यू-४० सिंथेटिक होते आणि दरवाज्याच्या खिशात वही होती. पहिल्या सत्रात तेल ९० अंशांना येईपर्यंत मी सावकाश फेऱ्या मारल्या. त्यानंतर सरळ पट्ट्यात दाब ६५ च्या आसपास, दहाव्या मिनिटाला तापमान ११४ आणि दाब ६०, पंधराव्या मिनिटाला १२४ आणि दाब ५५. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा काटा हा सगळा वेळ आपल्या जागेवर ढिम्म होता. पाणी काय दाखवते त्यावरून तेलाचा अंदाज बांधू नये, हे मला तेव्हा डोळ्यांनी दिसले. आणि त्याच लांब वळणात, ज्यात मला आधी तिरीप दिसली होती, २० पीएसआयचा नवा दिवा पेटला. कारखान्याचा दिवा मात्र या वेळी पेटला नाही. मागच्या खेपेला तोही पेटला होता, म्हणजे तेव्हा किती उरले असेल याचा हिशेब मी तिथे, वळणातच केला आणि पाय उचलला.

पिटमध्ये दहा मिनिटे थांबून डिपस्टिक काढली, तर तेल वरच्या खुणेपासून निम्म्यावर उतरले होते. सकाळी मी ते वरच्या खुणेला भरले होते. उंच आरपीएमवर हे जुने इंजिन तेल खाते याची कल्पना होती, पण एका सत्रात इतके खाते याची नव्हती. साडेतीन लिटरही नसलेल्या तेलातले अर्धा लिटर गेले, तर वळणात नळी उघडी पडणार यात नवल ते काय! नोव्हेंबरात, त्या पहिल्या खेपेला, मी सकाळी एकदा डिपस्टिक पाहून दिवसभर तशीच गाडी चालवली होती. आता अर्धा लिटर ओतले, दुसरे सत्र केले. दिवा पेटला नाही. तिसऱ्या सत्रात शेवटच्या दोन फेऱ्यांत तो एकदा पेटला, तेव्हा तेल पुन्हा पाव लिटर कमी होते. त्यानंतर मी स्वतःसाठी नियम केला की १२५ अंश झाले की बाहेर, आणि प्रत्येक सत्रानंतर डिपस्टिक.

घरी परतल्यावर चेंबर उतरवला. चेंबर पत्र्याचा आहे, त्यामुळे मिस्त्रींनी तेल ओढणाऱ्या नळीभोवती पत्र्याच्या भिंती आणि दोन झुलत्या फळ्या वेल्ड करून दिल्या, म्हणजे वळणात तेल आत येते पण तितक्या सहज बाहेर जात नाही. चेंबर उघडलाच आहे तर म्हणून त्यांनी बिग एंडच्या, म्हणजे क्रँकशाफ्टला धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या टोकांच्या, टोप्या एकेक करून सोडल्या. तीन टोप्यांचे शेल, म्हणजे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे, गुळगुळीत, राखाडी होते. चौथ्याच्या वरच्या शेलवर लांबीच्या दिशेने बारीक चमकदार रेघा होत्या, नख फिरवले तर अडकतील न अडकतील अशा. क्रँकवर काही नव्हते. मिस्त्रींनी तो शेल खिडकीच्या उजेडात बराच वेळ फिरवून पाहिला, त्याच्या कडेचा रंगाचा ठिपका ओळखून चारही जोड्या त्या-त्या मापाच्या मागवल्या आणि आठ दिवसांनी इंजिन पुन्हा बांधले.

इंजिन चालू केले, तेव्हा सवयीने त्यांच्या हातात लांब स्क्रू ड्रायव्हर होता. पण आधी ते दार उघडून आत वाकले, काटा कुठे आहे ते पाहिले, आणि दोन-चार क्षण तो तिथेच थांबतो आहे याची खात्री करून घेतली. "ह्यो आता खरं बोलतोय न्हवं?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. मग ते बोनेटकडे आले आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून डोळे मिटले.